वाढत्या अंगाची सायकल

कोथरूडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४४, उंची ५ फूट ३ इंच, नोकरी बँकेत. कॉलेज सुटल्यापासून सायकल हातात धरलेली नाही, आता पुन्हा सुरू करायची आहे. रोज सकाळी तासभर, जमलं तर रविवारी एनडीए रस्त्याने खडकवासल्यापर्यंत. त्यांच्या सोसायटीतल्या काकूंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. त्याची माउंटन बाइक तेव्हापासून पार्किंगमध्ये उभी आहे. चाकं २९ इंची, फ्रेमवर 'एल' आणि '१९' असं लिहिलेलं. नवी घेतली तेव्हा चाळीस हजारांची होती, काकू पंधरा हजारांना द्यायला तयार आहेत, तेही 'तूच घेणार असशील तर'. सीट खाली केली की झालं, असं मुलाने फोनवर सांगितलं. ताईंनी तसं करून पाहिलं, पाय टेकले. मिस्टर म्हणतात, पंधरा हजारांत अशी सायकल परत मिळणार नाही, शिवाय आपला तेरा वर्षांचा मुलगा आहेच, दोन वर्षांत त्यालाही होईल. ताई विचारतात : पंधरा हजार जास्त नाहीत ना? पण बसल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटतं. आणि आता नाही म्हटलं तर काकूंना काय वाटेल?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात किमतीचा विषय तीनदा आला आहे, काकूंचा चारदा, आणि 'काहीतरी चुकतंय' हे एकदाच, तेही शेवटच्या पानावर. मी शेवटच्या पानापासून सुरुवात करतो. चुकतंय ते माप.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची पद्धत होती. शर्ट दोन वर्षं पुरला पाहिजे, मग पहिलं वर्ष बाह्या दुमडून काढायचं. सायकलीचंही तेच झालं. माझ्या पिढीतली निम्मी पुणेकर पोरं वडिलांच्या काळ्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, हाफ पेडल मारत शिकली. त्यामुळे सायकल आपल्याला मोठी आहे, ही तक्रार आपल्या तोंडून निघतच नाही. 'होते सवय' म्हणून आपण मोकळे होतो. सवय होते हे खरं आहे. मलाही झाली होती, ती कशाची ते पुढे सांगतो.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. त्या काळ्या सायकली बावीस आणि चोवीस इंची म्हणून ओळखल्या जायच्या. तो आकडा फ्रेमचा होता, चाकं दोन्हींची २८ इंचीच. आता दुकानात 'सव्वीसची दाखवू की एकोणतीसची' असं विचारतात, तो आकडा चाकाचा असतो. म्हणून आपल्याला वाटतं, २९ म्हणजे मोठ्या माणसाची आणि २६ म्हणजे पोरांची. तसं नाही. चाकाचा आकडा सायकल कशी चालेल ते सांगतो, तुम्हाला बसेल की नाही ते सांगत नाही. बसण्याचा आकडा तुमच्या पत्रातला दुसरा, १९. पायडल ज्या एक्सलवर फिरतात तिच्या मध्यापासून सीटची उभी नळी जिथे संपते तिथपर्यंत १९ इंच. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ही सायकल पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाची असते.

आता तुमचं माप घ्या. उंची नव्हे, पायांचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक (पोथी सोडून कुठलंही, घरात वाद नकोत) दोन पायांमध्ये धरून वर सरकवायचं, सीटवर बसल्यासारखं दाबून. पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली हवी. वरच्या कडेपाशी पेन्सिलीने खूण करून जमिनीपासून टेपने मोजायचं. हे एकट्याने करू नका, वाकून बघायला गेलात की पुस्तक सरकतं आणि दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात. तुमच्या उंचीला हे माप ७३ सेंटिमीटरच्या आसपास यावं. त्याला ०.२२६ ने गुणलं की माउंटन बाइकच्या फ्रेमचं माप इंचांत मिळतं : साडेसोळा. हे गणित आडव्या दांडीच्या जमान्यातलं आहे. आजच्या फ्रेमची दांडी मागे उतरती असते आणि सीटची नळी आखूड, त्यामुळे नवीन मॉडेलमध्ये तुम्हाला पंधरा-सोळा इंचांचीच, म्हणजे 'एस' लागेल. फार तर एखाद्या कंपनीची 'एम'. एका कंपनीची 'एम' ही दुसरीची 'एस' असू शकते, म्हणून अक्षरावर विसंबू नका.

मग १९ इंची सायकलवर तुमचे पाय टेकले कसे? काकूंच्या मुलाचं म्हणणं खोटं नाही आणि नेमकी म्हणूनच फसगत होते. सीटच्या उंचीचंही एक गणित आहे : तेच ७३ घेऊन ०.८८३ ने गुणायचं. साडेचौसष्ट सेंटिमीटर येतात. एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. १९ इंच म्हणजे ४८ सेंटिमीटर. वर सीट आणि तिचा क्लॅम्प धरला तरी सीटची दांडी चांगली आठ-नऊ सेंटिमीटर बाहेर राहते. म्हणजे सीट तुमच्या उंचीला आरामात येते. अडचण सीटची नाहीच.

शिवाय तुम्ही पाय टेकेपर्यंत सीट खाली घेतलीत, म्हणजे बहुधा या साडेचौसष्टच्याही खाली गेलात. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला सपाट लागले पाहिजेत, ही आपली फार जुनी समजूत आहे. तेवढ्या खाली बसून पायडल मारलं की गुडघा दर फेरीला छातीकडे येतो आणि आठवड्याभरात वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हलका बाक राहतो. एवढ्या उंचीवर बसून जमिनीला एखाद्या पायाचा चवडाच लागतो, आणि ते बरोबर आहे. सिग्नलला सीटवर बसून राहायचं नसतं. पुढे उतरून, दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं असतं.

आणि इथे तुमची सायकल अडते. २९ इंची चाकांच्या एल फ्रेमची दांडी, आपण उभे राहतो त्या जागी, बहुधा ७५ ते ८० सेंटिमीटर उंच असते. तुमचे ७३, त्यात बुटांचे दोन-अडीच. माउंटन बाइकवर दांडी आणि अंग यांत निदान दोन इंच मोकळे हवेत. तुमच्याकडे शून्य आहे किंवा उणे. कर्वे रोडवर सिग्नलला थांबताना डावा पाय कुठे पडतो आठवा. कडेला डांबर संपून चार इंच खाली उतरतं, कधी ब्लॉक उखडलेले असतात, कधी चेंबरचं झाकण खोल. त्या खोलगट जागी पाय गेला की दांडी वर येते. पुरुषांनी हे वाक्य वाचताना चेहरा वाकडा केला असेल, पण बायकांनाही हाडावर बसलेला तो मार महिनाभर पुरतो.

दुसरी अडचण हँडलची. तुम्ही पत्रात लिहिलंय की हात 'ताणून धरल्यासारखे' होतात. एस आणि एल फ्रेममध्ये पुढच्या पल्ल्याचा, ज्याला तक्त्यात 'रीच' म्हणतात, साधारण चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. ऐकायला थोडा वाटतो. कोपर सरळ, खांदे कानाशी आणि सगळा भार तळहातांवर, अशा अवस्थेत अर्धा तास चालवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडतं, कारण तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते. हँडल धरणारा स्टेम आखूड लावून दोन-तीन सेंटिमीटर परत मिळवता येतात. सीट थोडी पुढे सरकवता येते, पण मग गुडघ्याचं गणित बिघडतं. दांडी मात्र कुणालाच खाली करता येत नाही. लहान सायकल थोडी मोठी करता येते : सीटची दांडी लांब घ्या, तिच्यावर कमीत कमी आत राहण्याची जी रेघ असते ती नळीच्या बाहेर न आणता. स्टेम बदला. मोठी सायकल लहान करता येत नाही. म्हणून दोन मापांच्या मधे अडकलेल्यांना मी नेहमी धाकटी घ्यायला सांगतो.

माझी गोष्ट. २०११ साली एका दुकानातून मी एक वापरलेली सायकल घेतली, दीड माप मोठी. का, तर रंग सुंदर होता आणि निम्म्या किमतीत होती. दुकानदार म्हणाला, सवय होईल. झाली. सिग्नल दिसला की पन्नास मीटर आधीपासून कठडा शोधायची, पाय ठेवायला. सिंहगडाच्या पायथ्याला गटाबरोबर गेलो की सगळ्यांच्या आधी उतरून ढकलायची, म्हणजे चढावर तोल जाऊन पडायला नको. पुढे पुढे रविवारी सकाळी पाच वाजता पाऊस असला की मनात आनंद व्हायची. वर्षभराने एका उंच मुलाला विकली तेव्हा त्याने ती जागेवर उभी करून अशी सहज पाय टाकून ओलांडली की मला तिच्याबद्दल जरा वाईट वाटलं.

मुलाचा मुद्दा. तेरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांत केवढा होईल हे त्याची आजीसुद्धा सांगू शकत नाही. कदाचित तीन वर्षांत पावणेसहा फूट, कदाचित कधीच नाही. तोवर सायकल आजच्यापेक्षा तीन वर्षांनी जुनी झालेली असेल. आणि मिस्टरांच्या हिशोबात एक गोष्ट राहिली : मायलेकांत एक सायकल घेतली तर तुम्ही दोघं कधीच एकत्र जाणार नाही. तुम्हीच लिहिलंय की तो हल्ली खोलीतून बाहेर येत नाही.

आता जरा वेगळं विचारतो. माउंटन बाइकच हवी आहे का? रोजचा तास आणि एनडीए रस्ता, हे सगळं डांबरावर आहे. माउंटन बाइकचे गोळीदार टायर डांबरावर घोंघावतात, पुढचा स्वस्तातला शॉकअप दोन-अडीच किलोंचा असतो आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमची ताकद खातो. तेवढ्याच पैशांत मिळणारी हायब्रिड, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीची सरळ हँडलची सायकल, हलकी असते, टायर बारीक, पळते छान. उलट बाजूही आहे. पुण्याचे रस्ते वर्षातून किती महिने अखंड असतात ते तुम्ही जाणता. रुंद टायर खड्डा माफ करतो, आणि वीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याला तो धीर देतो. कधी वेताळ टेकडीच्या मातीच्या वाटांवर जायची हौस असेल (पायी फिरणाऱ्यांना आधी वाट देऊन), तर माउंटन बाइकच घ्या आणि शॉकअपला लॉक (तो हलू नये म्हणून बंद करायची कळ) असेल अशी बघा. माझा कल? तुमच्या पत्रात टेकडी एकदाही आलेली नाही. मी असतो तर एस मापाची हायब्रिड शोधली असती. पण ही निवड चुकली तरी निभावते, मापाची चूक निभावत नाही.

वापरलेली घ्यायला माझा काही विरोध नाही, उलट आत्ता काळ चांगला आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सायकलींवर उड्या पडल्या होत्या. त्यातल्या कितीतरी पुण्याच्या पार्किंगांत कव्हर घालून, कबुतरांच्या कृपेखाली उभ्या आहेत. मे-जूनमध्ये कॉलेजची मुलं शहर सोडतात तेव्हाही निघतात. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सायकल हवी' असं न टाकता 'एस किंवा पंधरा-सोळा इंची फ्रेम हवी' असं टाका. आणि घ्यायच्या आधी कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन एस आणि एम अशा दोन्हींवर बसून या. न घेता बाहेर पडायला संकोचू नका, बसून बघायला पैसे पडत नाहीत.

बघायला दिवसाउजेडी जा. पहिली नजर फ्रेमवर : हँडलजवळ वरची दांडी आणि खालची नळी जिथे जोडल्यात तिथे, खालच्या बाजूने. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली तर फुकट दिली तरी नको. मग चेन. एक बारा इंची फूटपट्टी न्या, शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनची एक पिन बरोबर बारावर येते. ती अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदलायची आहे. पूर्ण सूत गेली असेल तर मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, म्हणजे कॅसेटही संपलं असं धरा. विकणारा एव्हाना अस्वस्थ होतो, होऊ द्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलपाशी टक् टक् झालं तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा आहे. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा, अडकायला नको, तेलाची ओल नको. चाक उचलून फिरवा, ब्रेकपाशी डुलतंय का बघा. थोडं आऊट असेल तर मेकॅनिक काढतो. मग चालवून बघा, आणि सपाटीवर नाही. महात्मा सोसायटीच्या चढावर नेऊन जोर लावा. चेन दात सोडत असेल तर तिथे कळतं. दोन वर्षं उभ्या सायकलचे टायर कडेने तडकलेले असतात, त्यामुळे टायर, चेन, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग असे चार-सहा हजार वर धरूनच भाव करा. काकूंची पंधराची सायकलही त्या अर्थाने वीसची होती.

बिल मागा. फ्रेमचा नंबर खाली, पायडलच्या एक्सलच्या बुडाला कोरलेला असतो. सायकल उलटी करून तो बिलावर असेल तर ताडून बघा. बिल नाही, नंबर घासलेला आहे आणि किंमत फारच गोड आहे, असं तिन्ही एकत्र आलं तर चहा न घेता निघा.

राहता राहिल्या काकू. तुम्हाला वाटतंय की नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या मुलाच्या वस्तूला नाव ठेवणं. मला पत्रातलं 'तूच घेणार असशील तर' हे जरा वेगळं वाचता येतं. मुलाची सायकल परक्याच्या हाती जाऊ नये, खिडकीतून दिसत राहावी, असं त्यांना वाटत असेल. पंधरा हजारांची त्यांना निकड आहे असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. अशा वेळी मोघम कारणं देऊ नका. 'बघते, सांगते' यात चार महिने जातील आणि मग खरंच वाईट वाटेल. सरळ सांगा : काकू, सायकल छान आहे, पण तुमचा लेक उंच आहे आणि मी नाही. मुलाच्या उंचीचं कौतुक ऐकून कुठल्याही आईला राग आल्याचं मी पाहिलेलं नाही. मिस्टरांना मात्र पार्किंगमध्ये नेऊन, बूट घालून, दांडीवर तुम्हाला उभं राहिलेलं दाखवा. पुढे बोलावं लागणार नाही.

आणि सायकल विकायला तुम्हीच मदत करा. जाहिरातीत 'उंची पावणेसहा फूट ते सहा फूट' असं पहिल्याच ओळीत घाला, म्हणजे दुसरी ताई तुमच्या जागी येणार नाही. फोटो चेनच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून काढा. हवा भरा, चेन पुसा, आणि त्याच्याही आधी ते कबुतरांचं ओल्या फडक्याने.